आजीचे डोळे, नातीचे कान

मागच्या जानेवारीत एका शनिवारी ओकव्हिलमध्ये इतका बर्फ पडला की ड्राइव्हवे दोनदा साफ करूनही गाडी बाहेर काढता येईना. शेवटी हात टेकले आणि बेसमेंट आवरायला घेतले. फर्नेसशेजारच्या फळीवर एक खोके होते. आईने आणि सासूबाईंनी वेळोवेळी पुण्याहून आणलेल्या मराठी चित्रपटांच्या व्हीसीडी आणि डीव्हीडी त्यात होत्या. भाकरवडीच्या पाकिटांबरोबर, साड्यांच्या घड्यांत जपून आलेल्या. ज्यांनी २००० ते २०१२ च्या सुमारास इकडे संसार थाटला, त्यांना ह्या खोक्याचे वेगळे वर्णन करून सांगायला नको. प्रत्येकाच्या बेसमेंटमध्ये ते आहे.

डिस्क वाजवणारे यंत्र आता घरात उरलेले नाही. नव्या लॅपटॉपला डिस्कची खाचच नसते. म्हणून बाहेरून जोडायचा एक ड्राइव्ह आणला आणि एकेक चित्रपट हार्ड डिस्कवर उतरवायला बसलो. ह्याला मुले 'रिप करणे' म्हणतात. डिस्क आत सरकवली की प्रोग्रॅम एक यादी दाखवतो: हे चित्र, हे आवाजाचे ट्रॅक, हे सबटायटल्सचे ट्रॅक. प्रत्येकासमोर एक चौकोन. हवे त्यावर खूण करा, नको ते सोडा.

हा लेख त्या चौकोनांविषयी आहे. वरवर पाहता हा निव्वळ तांत्रिक प्रश्न आहे आणि माझ्यासारख्या सॉफ्टवेअरमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाने तो पाच मिनिटांत सोडवायला हवा. पण कोणता ट्रॅक ठेवायचा हे ठरवताना आपण हा चित्रपट कोणी पाहायचा हेही ठरवत असतो. मी ते एकदा चुकीचे ठरवले आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

ती चूक २०१३ सालची. तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती आणि मी नव्या घराच्या उत्साहात पहिल्या काही डिस्क उतरवल्या होत्या. त्या वेळी मी इंग्रजी सबटायटल्सवरची खूण काढून टाकली. घर मराठी, चित्रपट मराठी, पाहणारे मराठी. मग खाली इंग्रजी अक्षरांची झालर कशाला, असा माझा बाणेदार विचार होता. शिवाय ती सबटायटल्स इतकी वाईट असत की ती नसणेच बरे असे वाटे. उतरवून झाल्यावर त्या डिस्क मी देऊनही टाकल्या.

पुढे मुलगी आठ-नऊ वर्षांची झाल्यावर आम्ही मराठी चित्रपट लावला की ती पंधरा मिनिटांत उठून जाऊ लागली. तिला आवड नाही असे आम्ही धरून चाललो. काही वर्षे रागावलोही. ह्या जानेवारीत मी खोके घेऊन बसलेला पाहून ती सहज म्हणाली, "बाबा, मला अर्धं कळतं. अर्धं कळलं ना, की जास्त कंटाळा येतो." तिला मराठी बोलता येते, घरातले सगळे समजते. पण चित्रपटातली माणसे घरातल्या माणसांसारखी थांबून, तिच्याकडे बघून बोलत नाहीत. करमाळ्याच्या किंवा कोकणातल्या बोलीत भरभर बोलतात. तिला जिन्याला कठडा हवा होता आणि तो मीच काढून ठेवला होता.

आता थोडे तांत्रिक, पण लगेच आटोपतो. व्हीसीडीवर सबटायटल्सचा वेगळा ट्रॅक नसतो. अक्षरे असतीलच तर ती चित्रातच छापलेली असतात, पुसता येत नाहीत. डीव्हीडीचे तसे नाही. तिच्यावर आवाजाचे आठ आणि सबटायटल्सचे बत्तीस ट्रॅक मावतात. प्रत्येक ट्रॅकला भाषेची दोन अक्षरी खूण देता येते आणि त्या खुणांच्या आंतरराष्ट्रीय यादीत मराठीला 'एमआर' ही खूण १९८८ पासून आहे. डीव्हीडी १९९६ साली जपानमध्ये बाजारात आली, म्हणजे मराठीची जागा आधीच राखून ठेवलेली होती. दुसरी गोष्ट अशी की डीव्हीडीची सबटायटल्स ही मजकूर नसून चित्रे असतात. यंत्र फक्त चित्रावर चित्र ठेवते. त्यामुळे देवनागरीचा फाँट नाही, जोडाक्षरे तुटतात, वेलांटी भलतीकडे जाते, ह्या सबबी तिथे चालत नव्हत्या. छापखान्यात जे छापता येते ते सगळे डीव्हीडीवर दाखवता येत होते.

आणि तरीही माझ्या खोक्यातल्या एकाही मराठी चित्रपटाच्या डिस्कवर मराठी सबटायटल्स नाहीत. बत्तीस खोल्यांच्या वाड्यात आम्ही एकच खोली उघडली, ती पाहुण्यांची. ज्या डिस्कवर सबटायटल्स आहेत, त्यांवर ती फक्त इंग्रजी आहेत. काही डिस्कवर तर मराठी आवाजाच्या ट्रॅकलाच 'इंग्रजी' अशी खूण लावलेली आहे. कोणीतरी घाईत फॉर्म भरताना पहिला पर्याय निवडला असावा. पण यंत्र त्या खुणेवर विश्वास ठेवते, आणि मग 'मराठी आवाज ठेव' असे सांगितले की ते शांतपणे उत्तर देते की मराठी आवाज नाहीच.

ह्या इंग्रजी सबटायटल्सचे आपण कधी परीक्षण करत नाही. चित्रपटाचे करतो, अभिनयाचे करतो, गाण्यांचे तर करतोच. पण आपली इथली मुले जो चित्रपट पाहतात तो बराचसा त्या दोन ओळींतच असतो. दोन ओळी, एका ओळीत साधारण चाळीस अक्षरे, पडद्यावर फार तर सहा-सात सेकंद. एवढ्या जागेत बोललेले सगळे मावत नाही, काही सोडावे लागते. सोडण्याबद्दल माझी तक्रार नाही. काय सोडले जाते ह्याबद्दल आहे.

सगळ्यांत आधी जातात ती नाती. आत्या, मावशी, काकू, मामी ह्या चौघी इंग्रजीत एकच 'आँटी' होतात. जाऊ, नणंद, वहिनी, मेहुणी ह्यांचीही एकच 'सिस्टर-इन-लॉ'. घरातल्या राजकारणावर उभा असलेला चित्रपट मग मुलीला कळणार कसा? नणंदेने टोमणा मारला आणि जावेने मारला ह्यांत केवढा फरक आहे, हे ज्या मराठी बाईने एकत्र कुटुंबात चार दिवस काढले असतील ती सांगेल. दुसरे जाते ते 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण'. मराठी संवादातला अर्धा अपमान आणि पाऊण प्रेम ह्या तीन शब्दांच्या बदलात असते. तिसरे म्हणजे 'अहो'. एका जुन्या कौटुंबिक चित्रपटाच्या डिस्कवर (नाव लिहीत नाही) नायिका 'अहो' म्हणते आणि खाली अक्षरे येतात ती नवऱ्याच्या नावाची. जी बाई अडीच तासांत एकदाही नवऱ्याचे नाव उच्चारत नाही, तिच्या तोंडी सबटायटलकाराने ते वीसेक वेळा घातले आहे! माझ्या मुलीने वाचून निष्कर्ष काढला, की त्या काळातल्या बायका आजच्यासारख्याच नवऱ्याला नावाने हाक मारत. तिचा काही दोष नाही. तिने जे वाचले तेच सांगितले.

गाणे सुरू झाले की बहुतेक वेळा सबटायटल्स थांबतात. हिंदी मसालापटात हे एक वेळ चालून जाईल. पण 'प्रभात'चा १९३६ चा 'संत तुकाराम' घ्या. दामले-फत्तेलाल ह्यांनी दिग्दर्शित केलेला आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरवलेला हा चित्रपट. विष्णुपंत पागनिसांचे गाणे वगळून त्यात काय उरते? अभंग हाच तिथला संवाद आहे. तिथे अक्षरे थांबली म्हणजे चित्रपटच थांबला.

विनोदाची तर गोष्टच वेगळी. दादा कोंडके ह्यांच्या संवादाला दोन अर्थ असतात आणि ओळीत जागा एकाच अर्थाची. कोणता अर्थ छापला तरी दुसरा राहतो, आणि राहतो तोच लोक हसलेले असतात. 'अशी ही बनवाबनवी'मध्ये धनंजय माने इथे राहतात का, अशी साधी चौकशी होते. तिचे इंग्रजी भाषांतर कोणीही अचूक करील. तरीही आपण सोफ्यावरून खाली पडतो आणि शेजारी बसलेली मुलगी विचारते, ह्यात हसण्यासारखे काय आहे? १९८८ पासून आपण तो प्रश्न एकमेकांना विचारत आलो आहोत, हे त्या ओळीत कसे लिहिणार? इथे सबटायटलकाराला माफ केले पाहिजे.

पण दोन चित्रपट असे आहेत की तिथे भाषांतराचा प्रश्न हाच चित्रपटाचा विषय आहे. पहिला चैतन्य ताम्हाणे ह्यांचा 'कोर्ट' (२०१४). नारायण कांबळे ह्या लोकशाहिराने गायलेल्या गाण्यामुळे एका गटार-कामगाराने आत्महत्या केली, असा त्याच्यावर आरोप आहे. कांबळेंचे गाणे मराठीत, कायद्याची कलमे इंग्रजीत, कोर्टाचे बोलणे कधी मराठी तर कधी हिंदी, आणि बचावाचा वकील घरी जातो तेव्हा आईवडिलांशी गुजरातीत बोलतो. कोणती भाषा कोणाच्या बाजूने उभी आहे, हे पाहत राहणे म्हणजेच हा चित्रपट पाहणे. इंग्रजी सबटायटल्समध्ये ह्या चारही भाषांचे एकच गुळगुळीत इंग्रजी होते. आरोपीची भाषा आणि कायद्याची भाषा ह्यांतली दरी अक्षरांपुरती बुजते. भाषा बदलली की अक्षरे तिरकी करायची किंवा रंग बदलायचा, एवढे केले तरी भागले असते. डीव्हीडीच्या सबटायटलमध्ये चार रंगांची सोय असते. 'कोर्ट' पाहताना मी मुलीला सांगितले, की खाली वाच, पण कान बंद करू नकोस. मध्यंतरातच तिने विचारले, "तो वकील घरी वेगळं का बोलतो?" ती चित्रपट बरोबर पाहत होती.

दुसरा नागराज मंजुळे ह्यांचा 'सैराट' (२०१६). मराठीत कळत नसेल तर इंग्रजीत सांगू का, असे आर्ची दरडावते तेव्हा आपल्या महाराष्ट्र मंडळात शिट्ट्या पडल्या होत्या. ज्याला खरोखरच ते इंग्रजीत सांगितले जात आहे, त्या आपल्या मुलाने खालची ओळ वाचून काय समजावे? आणि उत्तरार्धात आर्ची-परशा हैदराबादला पळून जातात, तिथे आजूबाजूला तेलुगू. आर्चीला ती कळत नाही आणि मराठी प्रेक्षकालाही कळत नाही. ते न कळणे ही दिग्दर्शकाने आपल्याला दिलेली जागा आहे. परक्या गावात पहिली खोली भाड्याने घेतलेल्या आपल्यापैकी कोणालाही ती ओळखू येईल. तिथे प्रत्येक वाक्य इंग्रजीत छापले, तर वाचणाऱ्याला आर्चीपेक्षा जास्त कळू लागते आणि तिची भीती कमी होते. म्हणून सबटायटल्स 'संपूर्ण' असणे म्हणजे चांगले असणे नव्हे.

आवाजाच्या ट्रॅकचेही असेच. आज आवाज म्हणजे रिमोटवरचे एक बटण झाले आहे. 'प्रभात'च्या काळात तसे नव्हते. व्ही. शांताराम ह्यांनी १९४१ साली हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांची गोष्ट सांगितली ती मराठीत 'शेजारी' म्हणून आणि हिंदीत 'पडोसी' म्हणून, दोनदा चित्रित करून. 'शेजारी'त हिंदू पाटील केशवराव दाते होते. 'पडोसी'त तीच भूमिका मजहर खान ह्यांनी केली आणि मिर्झा झाले गजानन जागीरदार. म्हणजे हिंदू ठाकूर मुसलमान नटाने आणि मुसलमान मिर्झा हिंदू नटाने केला. केवळ भाषा बदलायची तर चेहरे बदलले आणि चित्रपटाचा अर्थही वाढला. चाळीस वर्षांनी जब्बार पटेल ह्यांच्या 'उंबरठा'चे (१९८२) हिंदी रूप 'सुबह' झाले तेव्हाही ती दोन रूपेच होती. अशा चित्रपटांची दोन्ही रूपे हाती लागली तर 'एक भाषा पुरे' म्हणून एक टाकू नका.

मात्र जिथे एकाच भाषेचे दोन आवाज असतात, स्टिरिओ आणि पाच-पॉइंट-एक, तिथे आपण हमखास मोठा आकडा निवडतो. मीही निवडत असे. त्या पाच-पॉइंट-एक आवाजात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी ठेवलेले असतात. टीव्हीला दोनच स्पीकर असले की सगळे त्यांत कोंबले जाते आणि संवाद संगीताखाली दबतात. घरात ऐकू कमी येणारे माणूस असेल तर साधा स्टिरिओ ट्रॅक जपून ठेवा. दोन तासांच्या चित्रपटाचा तो ट्रॅक साधारण १७० एमबी होतो, आणि सबटायटल्स फार तर काही एमबी. आजच्या हार्ड डिस्कवर ही बचत म्हणजे हळदीकुंकवाच्या वाणात काटकसर.

ऐकू कमी येणारे माणूस म्हणालो, ती माझी आई. वय अठ्ठ्याहत्तर. तीन वर्षांपूर्वी कायमची आमच्याकडे आली. कानाची यंत्रे आहेत, पण घरात चार जण बोलू लागले की ती काढून ठेवते. इथल्या टीव्हीवर बातम्या, हवामान, स्वयंपाकाचे कार्यक्रम ती खालची अक्षरे वाचत पाहते. कॅनडात इंग्रजी आणि फ्रेंच वाहिन्यांनी आपल्या कार्यक्रमांना अक्षरे द्यावीत असे प्रसारण आयोगाचे २००७ पासूनचे धोरण आहे, त्याचा हा लाभ. आता गंमत पाहा. ज्या इंग्रजीत ती जेमतेम बाजारहाट करते, त्या इंग्रजीतले कार्यक्रम तिला मराठी चित्रपटापेक्षा जास्त कळतात. कारण मराठी चित्रपटाला मराठी अक्षरे नाहीत. ज्या बाईने चाळीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना 'ग म भ न' शिकवले, तिला स्वतःच्या भाषेतला चित्रपट मुका झाला आहे.

असे आमच्या सोफ्याचे गणित. नातीला मराठी ऐकता येते, वाचता येत नाही. आजीला मराठी वाचता येते, ऐकता येत नाही. दोघींच्या मध्ये मी बसतो, आणि माझ्या हातात रिमोट.

भारतात हा विचार कोणी केलाच नाही असे नाही. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी ह्यांनी १९९६ पासून 'त्याच भाषेतली सबटायटल्स' ही कल्पना लावून धरली, आणि १९९९ साली गुजराती 'चित्रगीत' कार्यक्रमातल्या गाण्यांखाली गुजरातीच अक्षरे आली. हेतू असा, की जे अडखळत वाचतात त्यांना आवडत्या गाण्याबरोबर आपोआप वाचनाचा सराव व्हावा. आपल्या इथल्या मुलांच्या मराठी शाळेला ह्याहून चांगला गृहपाठ कोणता? जी अक्षरे आजीचा कान होतात, तीच नातीची अंकलिपी होऊ शकतात. एकच ट्रॅक, दोन पिढ्या.

कायद्याचेही सांगितले पाहिजे. कॅनडाच्या २०१२ च्या कॉपीराइट सुधारणेनुसार स्वतःच्या विकत घेतलेल्या प्रतीची स्वतःपुरती नक्कल करता येते. पण त्यासाठी डिस्कवरचे डिजिटल कुलूप तोडता येत नाही. व्हीसीडीला असे कुलूप नसतेच, आणि माझ्या मराठी डीव्हीडींपैकी बऱ्याच बिनकुलपाच्या निघाल्या. ज्यांना कुलूप होते त्या मी तशाच खोक्यात परत ठेवल्या आहेत आणि त्यांच्यासाठी एक जुना प्लेअर शोधतो आहे. नक्कल करून मंडळात वाटणे हे तर अजिबात बसत नाही; तेव्हा मला फोन करू नये ही नम्र विनंती.

बाकी माझा आताचा नियम सोपा आहे. सगळ्या चौकोनांवर खूण करायची. इंग्रजी सबटायटल्स कितीही वाईट असली तरी ठेवायची, पण चित्रात छापून टाकायची नाहीत. वेगळा ट्रॅक म्हणूनच ठेवायची, म्हणजे हवी तेव्हा लावता येतात, नको तेव्हा काढता येतात. भाषेची खूण चुकीची असेल तर दुरुस्त करायची. आणि डिस्क फेकायची नाही.

हे सगळे करूनही आईचा प्रश्न सुटत नव्हता, कारण जो ट्रॅक नाहीच त्यावर खूण कशी करणार? म्हणून फेब्रुवारीत मी संदीप सावंत ह्यांचा 'श्वास' (२००४) घेतला आणि रोज रात्री दहा मिनिटांचे संवाद ऐकून मराठीत टाइप करू लागलो. डॉक्टरेट करतानाही मी इतक्या चिकाटीने बसलो नव्हतो. आजोबा आपल्या नातवाला, परशूला, कोकणातून शहरात आणतात. त्याच्या डोळ्यांना कर्करोग आहे, शस्त्रक्रियेनंतर दिसणार नाही. डॉक्टरांचा आग्रह असा की मुलाला हे आधी सांगितले पाहिजे. ते सांगायचे कसे, कोणत्या शब्दांत, हे आजोबांना सुचत नाही. अरुण नलावडे एकेका वाक्यापूर्वी किती थांबतात, हे ते टाइप करताना मला प्रथमच कळले. इंग्रजी सबटायटलला त्या थांबण्याशी कर्तव्य नसते. मी मात्र प्रत्येक ओळ ते बोलतील त्याच क्षणी यावी म्हणून पुन्हा पुन्हा वेळ जुळवली. टीव्हीने पहिल्या प्रयत्नात वेलांट्या मोडल्या. मग लॅपटॉप जोडला.

मार्चमधल्या एका रविवारी आम्ही तो लावला. आईने यंत्रे काढून ठेवली होती. ती वाचत होती आणि मुलगी ऐकत होती. बोली अडली की मुलगी विचारायची आणि आई ओळीवरून सांगायची. मला कोणी काही विचारले नाही. एका ठिकाणी आई म्हणाली, "अरे, इथे ऱ्हस्व लिहिलंयस, दीर्घ हवं." मी पेन्सिलीने नोंद करून घेतली.

दुरुस्ती झाली आहे. पुढचा चित्रपट कोणता घ्यायचा ह्यावर दोघींचे एकमत व्हायचे आहे.